अभंगाची अक्षरं, भारुडाचं रूपक आणि एआय: यंत्राकडून काय घ्यायचं, काय नाही

गोदाकाठ (पैठण)

अखंड हरिनाम सप्ताहाच्या तयारीत आता मोबाइलवरचं एआय शिरलं आहे. निरूपणाचा आराखडा, दृष्टांत, प्रमाणासाठी (निरूपणाला संतवचनाचा आधार म्हणून) ओव्या-अभंग, शाळेच्या संमेलनासाठी नवं भारूड, सगळं एका वाक्यात मागितलं जातं आणि काही सेकंदांत मिळतं. त्यातलं काही खरोखर कामाचं असतं, काही धडधडीत खोटं. 'एआय माणसाची जागा घेईल का' यावर आपल्या या चर्चामंचावर पुष्कळ लिहून झालंय, तो विषय पुन्हा उकरायला नको. कोणतं काम यंत्राला द्यावं, कोणतं देऊ नये आणि का, एवढंच बोलू. छंद, गाणं, जुनी कागदपत्रं, प्रोग्रामिंग यातलं ज्यांना नीट कळतं त्यांनी तपशिलात लिहावं.

मी प्रमाणापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतंय.

'नामस्मरणावर नामदेवांचा अभंग दे' म्हटलं की चार कडव्यांचा अभंग येतो. यमक जुळलेलं, शेवटी 'नामा म्हणे'. गाथेत मात्र तो नसतो. भाषेचं मॉडेल, म्हणजे या एआयमागचं यंत्र, गाथा उघडून बघत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, एवढंच ते काढतं. 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', 'नामयाची जनी' या मुद्रिका (अभंगाच्या शेवटी येणाऱ्या संताच्या नावाच्या खुणा) हजारो ठिकाणी आलेल्या, म्हणून त्या अचूक बसतात. ज्या खुणेवरून ऐकणारा अभंग ओळखतो, तीच खूण यंत्राला सगळ्यात सोपी जाते. धोका इथे आहे.

तपासायचं असं. पहिलं चरण घेऊन गाथेच्या शेवटी असलेल्या अकारादि सूचीत शोधा. यंत्राने दिलेल्या अभंग क्रमांकावर जाऊ नका. शासकीय प्रत, सकलसंतगाथा आणि खासगी प्रकाशकांच्या प्रती यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, आणि यंत्राचा क्रमांक बहुतेक वेळा कुठल्याच प्रतीचा नसतो. पहिलं चरण सापडलं तरी तिथे थांबू नका. पहिली ओळ खरी आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापासून पुढचं जोडलेलं, हा प्रकार फार आढळतो. शेवटचं कडवं अक्षरशः ताडून बघा. शब्दांवरूनही थोडा अंदाज येतो: 'सकारात्मक', 'मानवता', 'समाजव्यवस्था' असं काही आलं तर तो अभंग जुना नाही. पण उलट्या बाजूने ही खूण चालत नाही. जुने शब्द असले म्हणजे अभंग जुना, असं नाही. यंत्र 'माझारी', 'ऐसे', 'तया' सहज पेरतं.

परंपरेला हा घोळ नवा नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना मिसळली आणि ती निवडायला अभ्यासकांना किती कष्ट पडले! आणि इथे पैठणातच शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ला, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. यात आपली ओवी घुसवणारा अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो, असं त्यांनी शेवटी बजावून ठेवलं. एआयच्या काळात प्रमाण देणाऱ्याने हे वाक्य समोर ठेवावं.

यंत्रभाषा (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ यांनी लिहिलं ते बरोबर. त्यात यंत्राच्या बाजूचं थोडं घालतो, म्हणजे चुका कुठे होणार हे आधीच ओळखता येईल.

मॉडेलला अक्षर दिसत नाही. मजकुराचे आधी तुकडे होतात, त्यांना टोकन म्हणतात. इंग्रजीतला नेहमीचा शब्द बहुधा एका टोकनात बसतो, मराठी शब्दाचे बऱ्याचदा तीन-चार तुकडे पडतात. कारण दोन. शिकवायला वापरलेल्या मजकुरात मराठीचा वाटा छोटा. नुसतं विकिपीडिया पाहिलं तरी मराठीत लेख सुमारे एक लाख, इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास. दुसरं, संगणकाच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'काळ्या' हा शब्द घ्या. आपल्याला त्यात दोन अक्षरं ऐकू येतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या चिन्हसूचीत, ती सहा चिन्हं आहेत: क, काना, ळ, हलन्त (पाय मोडल्याची खूण), य, काना. बाइट झाले अठरा. आता या अठरा बाइटांचे कुठेतरी तोडलेले तुकडे ज्याला दिसतात, त्याला 'सहा अक्षरी चरण लिही' म्हटलं तर ते मोजून लिहीत नाही, सहा अक्षरांसारखं वाटेल असं लिहितं.

अंदाज करणारं यंत्र आणि मोजणारं यंत्र वेगळं. दहा ओळींचा साधा प्रोग्राम अक्षरं अचूक मोजतो:

स्वर आणि व्यंजनं मोजा (युनिकोड ०९०४ ते ०९३९, शिवाय ॲसाठी ०९७२). ०९३९च्या पुढच्या मात्रा, अनुस्वार-विसर्ग आणि मध्येच येणारं अदृश्य जोडचिन्ह हे मोजणीत धरायचं नाही. मग हलन्त चिन्हं (०९४डी) मोजून वजा करा. उरलं ते अक्षर.

'रानामध्ये' यात र, न, म, ध, य ही पाच व्यंजनं आणि एक हलन्त, म्हणून चार अक्षरं. 'वाऱ्यावर' यात पाच व्यंजनं, एक हलन्त, तीही चार.

हा प्रोग्राम एआयकडूनच लिहून घेता येतो आणि तो चांगला लिहितो. एआयला अक्षरं मोजायला सांगू नका, अक्षरं मोजणारा प्रोग्राम लिहायला सांगा. बऱ्याच सेवांमध्ये आता मॉडेल स्वतः प्रोग्राम चालवू शकतं. तिथे 'मोजणी कोड चालवूनच कर' असं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर पुन्हा अंदाज.

वृत्तवेडा (अंबाजोगाई)

मोजणीचं झालं. आता रचनेचं, कारण अक्षरं बरोबर आली तरी अभंग होतो असं नाही.

मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. नमुन्यादाखल साधं कडवं:

काळ्या रानामध्ये । पेर झाली पुरी ।
ढग राहे दूरी । आभाळात ॥

यंत्राची ठरलेली चूक यमकाच्या जागेची. छापताना दोन चरणं एका ओळीत येतात, म्हणून ओळीच्या शेवटी दुसरं आणि चौथं चरण दिसतं. यंत्राला जगभरच्या कवितांतून सवय लागलेली आहे की यमक ओळीच्या शेवटी असतं. मग ते दुसऱ्या-चौथ्याचं यमक जुळवतं, किंवा चारही चरणं समान लांबीची करून दोह्यासारखं काहीतरी देतं. त्यात अभंगाची चालच मोडते. चौथं चरण आखूड असतं म्हणून तिथे श्वास मिळतो, अर्थ टेकतो. ते सहा-सात अक्षरांचं झालं की कडवं संपतच नाही.

दुसरी चूक, 'काळ्याभोर रानात', 'पेरणी झाली पूर्ण' अशी सात अक्षरी चरणं. उच्चारात शेवटचा अकार आपण गाळतो, 'रानात्' म्हणतो. छंद मात्र तो अकार धरतो, 'आभाळात' चार अक्षरीच. यंत्र बोलण्याच्या वळणाने जातं की लिहिण्याच्या, याचा नेम नाही.

ग्रांथिक ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक, चौथं सुटं आणि आखूड, अक्षरसंख्या सैल. ही यंत्राला अभंगापेक्षा बरी जमते, कारण मोजमाप कमी. भुजंगप्रयातासारखं गणवृत्त सांगितलं तर पार गडबडतं. बारा अक्षरांत चार य-गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु चार वेळा. तिथे जोडाक्षरामुळे आधीचं अक्षर गुरु होतं, हे नियम म्हणून ते बिनचूक सांगेल आणि स्वतःच्याच ओळीत मोडेल.

मग उपयोग कसा करायचा? अख्खा अभंग मागू नका. कल्पना आणि पहिलं चरण तुमचं. अडलं तिथे 'सहा अक्षरी, शेवटी री येणारे पंचवीस तुकडे दे, विषय पाऊस लांबणं' असं मागा. वरच्या प्रोग्रामातून गाळा. उरतील त्यातले बहुतेक सपाट असतील, एखाददुसरा तुम्हाला न सुचलेला निघेल. तोही जसाच्या तसा क्वचित बसतो. पण तो पाहून आपलं डोकं तिसरीकडे वळतं, आणि एवढ्यासाठी हे साधन मला मोलाचं वाटतं.

मृदंगताई (गंगाखेड)

यंत्रभाषा दादा, तुमचा मोजणारा प्रोग्राम जनाबाईंच्या अभंगांवर चालवून बघा. पाच अक्षरी चरण सापडेल, सात अक्षरीही सापडेल. तो त्यांना चूक म्हणेल. चूक नाही ती.

अभंग कागदावर तोलायचा नसतो, तो भजनी ठेक्यात बसवायचा असतो. आठ मात्रांत एक अक्षर कमी पडलं तर आधीचा दीर्घ स्वर लांबतो, नाहीतर 'हो', 'गा', 'वो' येतं. एक अक्षर जास्त झालं तर दोन लघु एका मात्रेत जातात. जागा कुठली यावर सगळं असतं. चरणाच्या मध्ये सात अक्षरं खपतात, पण शेवटच्या चार अक्षरी चरणात पाचवं अक्षर आलं की टाळकऱ्यांचा पाय अडखळतो. तेव्हा प्रोग्रामने दाखवलेली चूक म्हणजे 'इथे गाऊन बघा' एवढीच खूण समजायची.

आणि जात्यावरच्या ओवीचं तर वेगळंच. तिची लांबी खुंटा ओढणारीच्या दमावर. दोन ओळी, दुसरी लांब, मध्ये 'बाई', 'सांगते', 'माझ्या' अशी भर, अर्धी ओळ पुन्हा घेणं. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने राज्यभरच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आता पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकायला मिळतात, बीड जिल्ह्यातल्याही आहेत. छापताना पुनरावृत्ती आणि भरीचे शब्द बऱ्याचदा गाळतात. यंत्र शिकतं ते छापील रूपावरून. म्हणून त्याची ओवी वाचायला गोड आणि दळताना म्हणायला अशक्य. हात थांबतो.

नवखा_लातूर

सर, ताई, एक शंका आहे. तुम्ही सगळे म्हणताय की यंत्र मध्यम दर्जाचंच लिहितं. पण गो नावाच्या खेळात तर त्याने माणसाला न सुचलेली चाल केली होती. म्हणजे नवं सुचणं त्याला जमतंच ना? मग अभंगातच कामून जमंना?

यंत्रभाषा (छत्रपती संभाजीनगर)

चांगला प्रश्न विचारलास. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा.

मार्च २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला अल्फागो हे गो खेळणारं एआय आणि नामांकित खेळाडू ली सेडोल यांचे पाच डाव झाले, अल्फागो ४-१ जिंकलं. दुसऱ्या डावातली सदतिसावी चाल तू म्हणतोस ती. माणूस ही चाल खेळण्याची शक्यता अल्फागोच्या स्वतःच्या हिशेबात दहा हजारात एक होती, तरी त्याने ती खेळली. का खेळू शकलं? कारण तिथे डाव जिंकला की हरला हे नियमच सांगतात. यंत्र स्वतःशी लाखो डाव खेळलं, प्रत्येकाचा निकाल पक्का होता, त्यामुळे माणसांच्या सवयीच्या बाहेर जाऊनही 'हे चांगलं' असं त्याला कळत होतं.

प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयचंही तसंच. प्रथिनांचे आकार प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी आधी मोजलेले होते, त्यांच्याशी ताडून ते शिकलं, आणि अंदाज बरोबर की चूक हे पुन्हा मोजून ठरवता येतं. २०२०च्या स्पर्धेत ते इतरांच्या फार पुढे गेलं. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्यासाठी मिळालं, डेव्हिड बेकर यांना संगणकाने नवी प्रथिनं रचण्यासाठी.

अभंगाला असा निकाल नाही. ओळ चांगली की वाईट हे ऐकणारा, परंपरा, तो प्रसंग ठरवतो. भाषेच्या मॉडेलला शिकताना एकच निकाल मिळतो: पुढचा तुकडा बरोबर ओळखला का. नंतर माणसांच्या पसंतीवरून त्याला वळण लावतात, पण ती पसंती हजारो लोकांची सरासरी असते, आणि सरासरी नेहमी गुळगुळीत ओळीकडे झुकते. म्हणून कुठल्याही कामाला हात घालताना आधी विचारायचं: याचा निकाल बाहेरून तपासता येतो का? येत असेल तर यंत्राला मोकळं सोडा, ते तुम्हाला चकित करेल. येत नसेल तर निवड तुमच्या हातात ठेवा.

ली सेडोलचंही सांगतो, कारण ते अनेकदा राहून जातं. चौथ्या डावात त्याने अठ्ठ्याहत्तरावी चाल अशी खेळली की अल्फागोचा हिशेब कोलमडला आणि तो डाव लीने जिंकला. ती चालही यंत्राच्या हिशेबात अत्यंत दुर्मीळ होती. यंत्र सरावात ज्या वाटेने फारसं गेलेलं नसतं, तिथे त्याची मूल्यमापनाची शक्ती कच्ची असते. मराठी, त्यातही जुनी मराठी आणि बोली, ही त्याच्यासाठी अशीच कमी तुडवलेली वाट आहे.

'टेंपरेचर' नावाची सेटिंग बऱ्याच जणांना माहीत नसते. शून्याजवळ ठेवली तर सगळ्यात संभाव्य शब्दच येतो, एकाच्या आसपास नेली तर विविधता वाढते. ताडून बघणं, वाचन, सारांश यांसाठी ० ते ०.२. कल्पना मागताना ०.८ ते १. मराठीत त्याच्या वर गेलात तर शब्दच तुटायला लागतात, अर्धवट जोडाक्षरं येतात, कारण टोकन छोटे आहेत. मोबाइल ॲपमध्ये ही कळ नसते. तिथे 'वीस वेगवेगळे दे, पहिले पाच वगळून' असं सांगणं हा त्यातल्या त्यात उपाय. पहिले पाच जवळपास नेहमीच सगळ्यांना सुचणारे असतात.

वृत्तवेडा (अंबाजोगाई)

नोबेलइतकं दूर न जाता भारुडावर येतो, कारण माणसाची बुद्धी आणि यंत्राची बुद्धी यांची गाठ तिथे फार छान दिसते.

भारुडाला दोन तळ असतात. वर रोजचं आयुष्य, खाली अध्यात्म. एकनाथांनी विंचू, जोशी, वासुदेव, गोंधळी, अगदी सरकारी अर्जाचा मसुदासुद्धा घेतला. ऐकणाऱ्याला वरचा तळ इतका ओळखीचा असतो की खालचा आपोआप उघडतो. यंत्राचं भारूड पहिल्या कडव्यात रूपक मांडतं आणि दुसऱ्यात त्याचा अर्थ सांगून मोकळं होतं: 'बोअर म्हणजे मन, पाणी म्हणजे भक्ती.' झालं, संपलं भारूड. स्पष्टीकरण करणं ही त्याच्या घडणीतली सवय आहे, कारण त्याला मदतनीस म्हणून वळण लावलेलं असतं.

त्याच्याकडून भारूड मागू नका, वरच्या तळाचा तपशील मागा. 'बोअर घेण्यापासून पाणी येईपर्यंत काय काय होतं, काय बिघडतं, तीस मुद्दे' असं मागितलं की उत्तम यादी येते. पाणाड्याने जागा दाखवणं. साडेसहा इंची भोक. वरच्या मुरमात केसिंग पाइप. केसिंग आखूड पडलं तर माती खचून बोअर बुजणं. कठीण काळ्या पाषाणात शे-शे फूट कोरडं जाणं आणि बिल फुटावर येणं. पाण्याचा झरा फटीत लागणं. पाणबुडी मोटर झऱ्याच्या खाली की वर सोडायची. पाणी नसताना मोटर चालली तर कोरडी फिरून जळणं. एक फेज गेली तर कॉइल उडणं. शेजाऱ्याने त्याहून खोल घेतलं की आपलं आटणं.

आता माणसाचं काम. या यादीतल्या कोणत्या गोष्टीला खालचा तळ आहे? केसिंग आहे: वरचा कच्चा थर आवरला नाही तर खालचं सगळं बुजतं. कोरडी फिरणारी मोटर आहे, नामाशिवाय चाललेलं तोंड. शेजाऱ्याचं खोल बोअर तर आहेच. फुटावरचं बिल मात्र नुसतं गमतीचं. ते मध्ये हशा पिकवायला ठेवायचं. ही निवड यंत्राला विचारली की ते तिसांपैकी तिसांना अर्थ चिकटवतं. त्याला नाही म्हणता येत नाही. आणि भारूड कुठे गप्प राहायचं यावर उभं असतं.

एक नियम मात्र आपण सगळ्यांनी पाळावा असं मला मनापासून वाटतं. यंत्राची मदत घेतलेल्या रचनेला कुठल्याही संताची मुद्रिका लावू नये. स्वतःचं नाव लावा, किंवा काहीच लावू नका. आज गमतीने लावलेलं 'एका जनार्दनी' उद्या व्हॉट्सॲपवरून फिरतं, परवा इंटरनेटवर चढतं, आणि त्यानंतरचं मॉडेल ते खरं समजून शिकतं.

मोडीदप्तर (नांदेड)

प्रमाणाच्या अभंगाने कीर्तनात फजिती होईल. जुन्या कागदाच्या चुकीच्या वाचनाने माणसाचा हक्क जातो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून मोडी वाचनाची मागणी वाढली, आणि लोक फोटो काढून सरळ एआयला देऊ लागले. म्हणून सविस्तर लिहितो.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून खाली अक्षरं लिहितात, शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ यांत फरक करत नाहीत. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ला, त्यामुळे संगणकाला शिकवायला टंकलेला मोडी मजकूर फारच थोडा. सर्वसाधारण एआय अशा फोटोवरून जे 'वाचतं' त्यातलं बरंचसं लिपीचं वाचन नसतं. दोन-चार अक्षरं ओळखून बाकी वाक्य ते मराठीच्या सवयीने भरतं. वाक्य इतकं सरळ असतं की शंका येत नाही. आडनाव, गावाचं नाव आणि रक्कम, नेमक्या याच तीन गोष्टी सवयीने भरता येत नाहीत, आणि तिथेच ते धाडसाने चुकतं.

पद्धत ही ठेवा. कागद सपाट, फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने. स्कॅन ३०० डीपीआय, शाई फिकी असेल तर ४००, रंगीतच ठेवा. काळा-पांढरा केला की पाठीमागची उमटलेली शाई आणि पुढची शाई एक होते. पानाऐवजी एकेक ओळ कापून द्या. सूचनेत लिहा: 'न कळलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेव, अर्थ लावू नकोस, वाक्य दुरुस्त करू नकोस.' तीच ओळ नव्या संभाषणात पुन्हा द्या. दोन वाचनं जुळत नाहीत त्या जागा माणसाने वाचायच्या. दोन्ही जुळली तरी नाव, गाव, रक्कम, तारीख माणसानेच. कामकाजात दाखल करायचं असेल तर पुराभिलेख विभागाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेला वाचक लागतो. यंत्राचं वाचन म्हणजे त्याच्यासाठी कच्चा खर्डा.

तारखांची फसगत वेगळी. इसवी सन काढायला, शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा. निजामी कागदावर फसली सन (महसुली कालगणना) असतो, त्यात ५९०, वर्षाच्या उत्तर भागात ५९१. शुहूर सनात (जुन्या मराठी कागदांवरची आणखी एक कालगणना) ५९९ किंवा ६००. यंत्र महिना न पाहता एकच आकडा मिळवतं, कधी फसलीला हिजरी समजतं. रकमेतही तसंच. ब्रिटिश रुपया वेगळा, निजामाच्या हैदराबादचा हाली सिक्का वेगळा. यंत्र डोळे झाकून ब्रिटिश रुपया धरतं. मराठवाड्याचा १९४८पूर्वीचा कागद असेल तर हे आधी सूचनेत लिहा.

एवढं करून ते नक्कीच कामाचं आहे. पाचशे पानांच्या बाडातून 'कुळकायदा', 'वतन', एखादं गाव यांची संभाव्य पानं वेगळी काढणं, ही चाळणी यंत्र थकल्याशिवाय करतं. चाळणीत दोन-चार पानं सुटतील हे गृहीत धरून महत्त्वाच्या प्रकरणात माणसाने सगळं बाड बघायचं.

रानपाखरू (परभणी)

विषय कवितेचा आहे, पण कापसातही कामाची हीच वाटणी चालते म्हणून थोडक्यात. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावतात. सापळ्यातल्या पतंगांचा फोटो दिला की एआय मोजून देतं, पण चिकटलेले, एकावर एक पडलेले पतंग मोजताना ते चुकू शकतं. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, ही धोक्याची पातळी. पण तेवढ्यावर फवारणी ठरवू नये. वीस हिरवी बोंडं फोडून बघायची, दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के. बोंडाच्या आत काय चाललंय हे फोटोत दिसत नाही, डोमकळी फुलं (अळीमुळे मिटून राहिलेली) हातात धरून उघडावी लागतात. पतंग मोजायला यंत्र, बोंड फोडायला माणूस. सापळ्यातली गंधाची वडी ठरलेल्या मुदतीत बदलली नाही तर पतंग येतच नाहीत आणि ॲप 'सुरक्षित' दाखवत राहतं, हेही ध्यानात ठेवा.

नवखा_लातूर

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. आमच्या आजीच्या वयाच्या बायकांच्या ओव्या रेकॉर्ड करून एआयकडून लिहून घ्यायच्या आहेत. ते आपल्याकडची बोली लिहितं का? आणि रेकॉर्डिंग कसं करावं?

यंत्रभाषा (छत्रपती संभाजीनगर)

बोलीचं आधी. यंत्राला 'ग्रामीण मराठी' म्हटलं की ते 'करतुया', 'जातुया' असं पश्चिमेकडचं, सिनेमात ऐकलेलं लिहितं. आपल्याकडचं 'काय करायलास', 'जेवायलोय', 'कामून' त्याला क्वचितच येतं. आवाजावरून लिहितानाही ते 'करायलास'चं 'करतोस' करून टाकतं, म्हणजे प्रमाण मराठीत भाषांतरच. सूचनेत आठ-दहा नमुना वाक्यं आपल्या बोलीत दिली तर फरक पडतो, पूर्ण सुधारत नाही. म्हणून लिखाण तपासताना क्रियापदं आधी ऐका.

रेकॉर्डिंग मोबाइलवर चालेल, फक्त डब्ल्यूएव्ही स्वरूपात, मोनो, ४८ किलोहर्ट्झ. मूळ फाइल तशीच जपा. एआयसाठी १६ किलोहर्ट्झची प्रत वेगळी काढा. आवाजावरून मजकूर लिहिणारी व्हिस्परसारखी मॉडेल्स तेवढ्यावरच चालतात. ती आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे घेतात, म्हणून तुम्हीच एकेक ओवी कापून दिली तर ओळ मध्ये तुटत नाही. दोन ओव्यांमधली शांतता कापा. शांततेत किंवा नुसत्या जात्याच्या घरघरीत हे मॉडेल न बोललेली वाक्यं लिहितं, कधी एकच ओळ पुन्हा पुन्हा.

मृदंगताई (गंगाखेड)

आणि बाळा, ओवी दोनदा घे. एकदा जात्यावर, दळताना, माइक जमिनीवर नाही तर खांद्याच्या उंचीला, जात्यापासून हातभर लांब. मग तीच ओवी जातं थांबवून नुसती म्हणून घे. दुसरी यंत्राला दे, लिहायला सोपी जाईल. पहिलीतली भर, परत घेतलेली ओळ, दम कुठे घेतला, ते तू ऐकून त्या लिखाणात घाल. बाईचं नाव, गाव आणि ही ओवी तिला कुणाकडून आली हे तिच्याच आवाजात फाइलच्या सुरुवातीला घे, आणि रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कुणाला ऐकवणार हे तिला आधी सांगून परवानगी घे.